मेट्रनबाईंची निर्जंतुक बाग

नगरपालिकेची सूचना मेट्रनबाईंनी आधी चष्म्याशिवाय वाचली, मग चष्मा लावून वाचली, आणि दोन्ही वेळा तिच्यात तेच लिहिलेले निघाल्यावर त्या स्वयंपाकघराच्या दिशेने गरजल्या, "अहो, इकडे या. आपलं अंगण चाललं!"

मिस्टर आले. हातात अर्धवट सोललेला बटाटा होता. मेट्रनबाई मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झाल्या होत्या. नवऱ्याचा उल्लेख त्या इस्पितळी रिवाजाने 'आमचे मिस्टर' असा करत, आणि इतकी वर्षे ते ऐकून गल्लीतही त्या गृहस्थांना मिस्टर हेच नाव पडले होते. ते स्वतः नकाशे काढण्याच्या खात्यात होते. निवृत्तीनंतर सांगितलेल्या जागी उभे राहणे आणि सांगितलेली वस्तू धरणे, ही त्यांची मुख्य कामे.

"कुठे चाललं अंगण?" त्यांनी विचारले.

"पार्किंगमध्ये."

सूचना सरळ होती. गल्लीत गाड्या मावत नव्हत्या, म्हणून प्रत्येक घरापुढच्या मोकळ्या जागेचा पट्टा नगरपालिका वाहनतळासाठी घेणार होती. यातून सुटका एकाच प्रकारच्या अंगणाची. ज्यात इथल्या मातीतल्या देशी झाडांची बाग असेल आणि तिला उद्यान विभागाचा दाखला असेल, त्या अंगणाला कोणी हात लावणार नव्हते. वर पाणीपट्टीत सूट. कापलेली विलायती हिरवळ आणि परदेशी शोभेची झाडे ही बाग समजली जाणार नाहीत, असे खाली ठळक अक्षरांत बजावले होते. मेट्रनबाईंच्या अंगणात नेमक्या याच दोन गोष्टी होत्या.

"म्हणजे माझ्या खिडकीखाली गाडी येणार?" आतल्या खोलीतून आवाज आला. हा आवाज सासूबाईंचा. त्या गुडघ्यांमुळे फारशा हलत नसत. त्यांची खाट अंगणाकडच्या खिडकीला लावलेली होती आणि त्या खिडकीतून दिसेल तेवढे जग त्यांच्या देखरेखीखाली होते. "माझ्या नाकाशी धुराडं आणून लावा. म्हणजे वर जाताना धुराची सवय झालेली असेल मला."

"कुठे जात नाही तुम्ही, आणि गाडीही येत नाही," मेट्रनबाई म्हणाल्या. "मी आहे ना!"

मेट्रनबाई 'मी आहे ना' म्हणाल्या की इस्पितळात रोगी बरे व्हायला लागत. काही तर नुसत्या धास्तीनेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरवळ निघाली. मिस्टरांनी कुदळ धरली, मेट्रनबाईंनी जागा दाखवली. परदेशी झुडपे शेजारच्या वकीलवहिनींच्या गच्चीवर हलवण्यात आली. मग नगरपालिकेच्या रोपवाटिकेतून रुई आली, निरगुडी आली, तेरडा आला आणि नावे ऐकलेली पण तोंडओळख नसलेली बरीच मंडळी आली. मेट्रनबाईंनी ती ओळीने लावली. दोन रोपांत सारखे अंतर, मधून जायला वाट, कोणाची फांदी कोणाला लागणार नाही असा बंदोबस्त.

"बाग आहे की वॉर्ड?" सासूबाईंनी खिडकीतून विचारले.

"वॉर्डात काय वाईट असतं?" मेट्रनबाई म्हणाल्या. त्यांना खरोखरच कळले नव्हते.

बाग मोठ्या शिस्तीत वाढू लागली. सकाळी राउंड. मेट्रनबाई पुढे, मिस्टर मागे बादली घेऊन. ओल्या फडक्याने एकेक पान वरून पुसायचे, मग उलटे करून खालून पुसायचे. वाटेवरच्या फरशीवर जंतुनाशकाचा हात फिरायचा. पानावर अळी दिसली की मेट्रनबाई हात पसरायच्या आणि म्हणायच्या, "चिमटा." मिस्टर तळहातावर चिमटा ठेवायचे. अळी डब्यात जायची आणि डबा गल्लीच्या टोकाच्या रिकाम्या प्लॉटवर. मेट्रनबाईंच्या भाषेत याला डिस्चार्ज म्हणत. पाने अशी चकचकीत झाली, की वकीलवहिनी एकदा कुंपणावरून वाकून म्हणाल्या, "प्लास्टिकची आणलीत का हो? बरं केलंत."

उद्यान विभागाची निरीक्षक पाहणीला आली ती अशाच एका प्रसन्न सकाळी. मुलगी लहानच होती; गळ्यात दोरीला बांधलेले भिंग, डोक्यावर टोपी, आणि बोलणे असे की समोर सभा बसली असावी.

"नमस्कार काकू. सुंदर! सगळी झाडं देशी आहेत. अगदी नियमाप्रमाणे."

"काकू नाही. मेट्रन," मेट्रनबाई म्हणाल्या. "सही कुठे करताय?"

पण निरीक्षक खाली बसली होती. तिने भिंगातून एक पान पाहिले. मग दुसरे. मग नाक जवळ नेऊन वास घेतला आणि चेहरा काळजीचा केला.

"याला इस्पितळाचा वास येतोय."

"थँक्यू," मेट्रनबाई म्हणाल्या.

"नाही, म्हणजे... काकू, तुमच्या बागेत एकसुद्धा पान कुरतडलेलं नाही!"

"असणारच नाही. मी आहे ना!"

निरीक्षकेने उभे राहून हात झटकले. "तीच तर अडचण आहे. देशी झाड शोभेसाठी नसतं. ते इथल्या कीटकांचं घर आहे, त्यांचं जेवण आहे. किडा हा बागेचा खरा मालक! नियमात स्पष्ट आहे, बागेत निवासी कीटक आढळले पाहिजेत. तुमच्याकडे एकही नाही. मला दाखला देता येणार नाही."

मेट्रनबाईंच्या उभ्या कारकिर्दीत स्वच्छतेवरून त्यांना नापास करणारा माणूस जन्मला नव्हता. त्यांनी एकदा बागेकडे पाहिले, एकदा त्या मुलीकडे.

"म्हणजे माझ्याकडे रोगराई नाही, म्हणून मी नापास?"

"तसंच काही नाही, पण... हो," निरीक्षक म्हणाली. "महिन्याभरानं परत येते मी."

ती फाटकाबाहेर पडली तेव्हा खिडकीतून आवाज आला, "सूनबाई, माझ्या खाटेखालचं झुरळ चालेल का म्हणावं? जुनं आहे, निवासीच आहे."

"तुमच्या खाटेखाली झुरळ आहे?" मेट्रनबाई किंचाळल्या, आणि बागेचा विषय संध्याकाळपर्यंत बाजूला पडला.

पण खचून जाणे हा प्रकार मेट्रनबाईंना ठाऊक नव्हता. रात्री ताटावर बसल्या बसल्या त्यांनी जाहीर केले, "किडे पाहिजेत ना त्यांना? मिळतील. असे मिळतील की मोजता मोजता भिंग फुटेल."

"पण आणणार कुठून?" मिस्टरांनी विचारले.

"जिथे सोडले तिथून. आपलेच पेशंट आहेत. री-ॲडमिशन करायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीने पाहिले, की मेट्रनबाई हातमोजे घालून रिकाम्या प्लॉटवरच्या झुडपांत शिरल्या आहेत आणि मिस्टर बाहेर इस्पितळातला काजूसारखा वाकडा ट्रे धरून उभे आहेत. ट्रेवर ओला गॉझ. काल ज्यांना चिमट्याने हाकलले, त्यांना आज चिमट्याने सन्मानपूर्वक परत आणण्यात आले आणि एकेका झाडाला वाटून देण्यात आले. ज्याची जी जात, त्याला ते झाड. यात मात्र बराच अंदाजपंचे कारभार होता. एक जाड अळी तेरड्यावर बसेना, तर मेट्रनबाईंनी तिला दम दिला, "इथे आवडनिवड चालत नाही. जे मिळेल ते खायचं."

दुपारपर्यंत बागेत एकही अळी उरली नाही. सगळ्या अळ्या गल्लीतल्या पाखरांनी नेल्या. खिडकीतून सासूबाईंनी सगळे पाहिले होते.

"मला हाक नाही का मारायची?" मेट्रनबाई चिडल्या.

"मारणार होते. पण त्या पाखरांना बघून वाटलं, कोणाला तरी या घरात वेळेवर जेवण मिळतंय."

दुसरी तुकडी आली. या वेळी मेट्रनबाई छत्री घेऊन पहाऱ्याला बसल्या. पाखरू आले की छत्री उघडायची, गेले की मिटायची. तिसऱ्या प्रहरी छत्रीची काडी तुटली आणि मेट्रनबाईंची मान धरली. तेव्हा त्यांना खरा उपाय सुचला. सासूबाईंची सोडून घरातल्या सगळ्या मच्छरदाण्या काढून त्यांनी रोपांवर बांधल्या, चारी कोपरे आत खोचून, वॉर्डातल्या चादरीसारखे कोपरे पाडून. शेवटच्या ओळीला एक कमी पडली.

"माझी नाही मिळायची," सासूबाईंनी उशीवर डोके टेकवत सांगितले.

"चार दिवसांचा प्रश्न आहे."

"अगं, किड्याला मच्छरदाणी आणि मला डास? हा कुठला न्याय?"

"किडे पास करणारेत, सासूबाई. डास नाही."

सासूबाईंची मच्छरदाणी निरगुडीवर चढली. सासूबाईंनी त्या रात्रीपासून डास मारण्याचा असा मोठा आवाज सुरू केला, की प्रत्येक टाळीबरोबर मिस्टर अंथरुणात दचकून "आलो, आलो" म्हणत.

आतमध्ये अळ्या मजेत होत्या. पाने भराभर कुरतडली जात होती. मेट्रनबाई जाळीतून पाहायच्या आणि दर भोकागणिक फडक्याकडे गेलेला हात मागे घ्यायच्या.

नेमकी याच वेळी निरीक्षक, गल्लीतून जाता जाता, सहज डोकावली.

"हे काय? मच्छरदाण्या?"

"आत बघा," मेट्रनबाई अभिमानाने म्हणाल्या. "निवासी. एकेक खाऊन टुम्म झालाय."

"काकू, हे निवासी नाहीत, हे कैदी आहेत! कीटक स्वतःहून आले पाहिजेत, स्वतःहून गेले पाहिजेत. पाखरांनी चार खाल्ले तरी खाऊ द्यायचे. पाखरंही बागेचीच आहेत." तिने सुस्कारा टाकला. "काढा ही. आता एकच पाहणी शिल्लक आहे. तेव्हा पार्किंग विभागाचा माणूसही बरोबर असेल. दाखला नसला तर तो तिथल्या तिथे रेघ मारणार."

"आणि दाखला मिळायला मी नेमकं काय करायचं?"

"काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

"म्हणजे काहीच करायचं नाही. पुसायचं नाही, धुवायचं नाही, उचलायचं नाही, आणून सोडायचं नाही. बागेला एकटं सोडा."

मेट्रनबाई मटकन पायरीवर बसल्या. खोल जखमा, चिडके डॉक्टर, संपावर गेलेले सफाई कामगार, सगळे त्यांनी हाताळले होते. पण काहीच करू नका, हे काम त्यांना आजवर कोणी सांगितले नव्हते.

पलीकडे मात्र पार्किंगचे काम सुरू झाले होते. ज्यांनी अंगणे सोडून दिली, त्यांच्या दारांपुढे चुन्याच्या पांढऱ्या रेघा पडल्या. वकीलवहिनींच्या अंगणात तर कोणाची तरी मालवाहू गाडी मागचे तोंड घराकडे करून उभी राहायला लागली आणि सकाळी सुरू झाली की वहिनींचा दिवाणखाना काळा ढग होऊन जाई. सासूबाई ते पाहत. त्या दिवशी त्यांनी काही टोमणा मारला नाही. नुसते म्हणाल्या, "सूनबाई, ही खिडकी मिटायची झाली तर मला सांग. म्हणजे मी आधीच भिंतीकडे तोंड करायची सवय करते."

मेट्रनबाई तशाच वळल्या. आत गेल्या आणि हातमोजे, चिमटा, फडकी, बादली असे सगळे आणून मिस्टरांच्या पुढ्यात ठेवले. "कपाटात घाला. कुलूप लावा. किल्ली मला देऊ नका. मी मागितली तरी देऊ नका. मी ओरडले तरी."

"तू ओरडलीस तर मी देणार," मिस्टर प्रामाणिकपणे म्हणाले.

"मग आईंना द्या."

किल्ली सासूबाईंच्या उशीखाली गेली. मेट्रनबाईंनी खिडकीपाशी खुर्ची टाकली आणि सासूसुना शेजारी शेजारी बसून अंगणाकडे बघू लागल्या. लग्नानंतर इतका वेळ त्या एका जागी कधी बसल्या नव्हत्या.

"ते बघ, रुईचं पान गेलं."

"दिसलं मला."

"अर्धं गेलं."

"दिसलं म्हटलं ना, सासूबाई."

"तू डोळे का मिटतेस मग?"

पहिले काही दिवस फार वाईट गेले. मेट्रनबाई झोपेत हात पसरून "चिमटा" म्हणत. एकदा त्या पदराच्या टोकाने हळूच एक पान पुसताना पकडल्या गेल्या; सासूबाईंनी खिडकीतून काठी आपटली आणि त्या चोरासारख्या आत आल्या. एकदा त्यांनी किल्ली मागितली. सासूबाई म्हणाल्या, "भेटायची वेळ संपली." हे वाक्य सासूबाईंनी इस्पितळात असताना कधीकाळी सुनेकडूनच ऐकले होते आणि ते परत करायची संधी त्या कित्येक वर्षे शोधत होत्या.

बाग मात्र सुटली. ओळी मोडल्या, फांद्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या. पाने भोकांनी भरली. पाखरे आली, चार खाऊन गेली, तरी उरलेल्यांना काही फरक पडला नाही. आणि मग निरगुडीच्या अलीकडच्या एका झुडपावर केसाळ सुरवंटांचा मोठा घोळका प्रकटला. कोणी आणला नव्हता, कोणी बोलावला नव्हता. एका फांदीवर इतके, की लांबून फांदीनेच लोकरी स्वेटर घातल्यासारखे दिसे. मेट्रनबाईंच्या अंगावर काटा आला. त्यांनी तो काटा तसाच राहू दिला.

शेवटच्या पाहणीला निरीक्षक आली. मागे पार्किंगवाला, एका हातात चुन्याची बादली, दुसऱ्या हातात दोरी. त्याने फाटकाशी बादली ठेवली आणि अंगण मापल्यासारखी मान हलवली.

"वाहवा!" निरीक्षक आत शिरताच थांबली. "काकू, ही तीच बाग? अहो, काय भोकं आहेत! काय पानांची दैना आहे! अप्रतिम!"

"एकटं सोडलं होतं," मेट्रनबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

"आणि हे काय... सुरवंट! एवढे!" निरीक्षक भिंग घेऊन झुडपाखाली वाकली. टोपी फांदीला लागली. फांदी हलली. लोकरी स्वेटरचा एक तुकडा सुटला आणि तिच्या उघड्या मानेवर, तिथून कॉलरच्या आत गेला.

त्यानंतर जी किंकाळी फुटली, ती ऐकून पार्किंगवाल्याचा पाय बादलीत गेला.

"काढा! काढा तो! माझ्या पाठीवर चालतोय!" निरीक्षक अंगणात गोल गोल नाचू लागली. "मारा त्याला! फवारा काहीतरी! औषध फवारा!"

"अहो मॅडम, पण किडा हा बागेचा खरा..." मिस्टरांनी आठवण करून दिली.

"मला किड्यांची भीती वाटते हो! माझा अभ्यास गवतावर आहे!"

घरात फवारणीचा पंप होता. मेट्रनबाईंना तो कुठे आहे हेही माहीत होते, आणि त्याला कुलूप नव्हते. तो उचलून त्या झुडपावर एकदा हात फिरवावा, या क्षणाची त्या गेले कित्येक दिवस वाट पाहत होत्या. आता तर हुकूमच मिळाला होता, तोही सरकारी. त्यांनी पाऊल उचलले. मग फाटकाशी चुन्यात एक पाय घालून उभा असलेला माणूस दिसला, आणि खिडकीच्या गजांमागे सासूबाईंचा चेहरा दिसला.

"फवारता येणार नाही," मेट्रनबाई ठामपणे म्हणाल्या. "नियमात बसत नाही. तो निवासी आहे."

"अहो, पण मला..."

"तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही पाहुण्या आहात, तुम्हाला हलवता येईल. अहो, हिला आत घ्या. चोळू नकोस गं, अजिबात चोळू नकोस! केस आत जातील. सासूबाई, किल्ली!"

किल्ली गजांतून अंगणात येऊन पडली. पुढे सगळे सुरळीत झाले, कारण हे काम मेट्रनबाईंना येत होते. निरीक्षकेला कोचावर पालथे घालण्यात आले. सुरवंटाला चिमट्याने उचलून मिस्टरांच्या हाती ट्रेमध्ये दिले आणि त्याच्या फांदीवर नेऊन सोडायला सांगितले, "हळू, त्यालाही धक्का बसलाय." मग चिकटपट्टीचे तुकडे मानेवर लावून एकेक केस ओढून काढला, साबणाने धुतले, गार पाण्याची घडी ठेवली. हातांनी कॉलर चाचपल्यामुळे निरीक्षकेची बोटेही सुजून भेंडीसारखी झाली होती.

"बरं वाटतंय?"

"हो, सिस्टर," निरीक्षक उशीत तोंड खुपसून म्हणाली.

"काकू" वरून "सिस्टर" वर आलेला रोगी हळूहळू "मेट्रन" पर्यंत पोहोचतो, हे मेट्रनबाईंना अनुभवाने माहीत होते. त्यांनी घाई केली नाही. पट्टीचा आणखी एक तुकडा फाडला आणि विचारले, "मग, निवासी कीटक आढळले की नाही?"

"आढळले."

"स्वतःहून आले होते का?"

"स्वतःहून," निरीक्षक कण्हली. "फार स्वतःहून."

"सहीचं काय?"

"बोटं वळत नाहीत हो मेट्रन!"

"वळतील," मेट्रनबाई म्हणाल्या. "मी आहे ना!"

आणि बोटे वळली. पार्किंगवाला एका पांढऱ्या पायाने निघून गेला. तो गेला त्या वाटेवर मात्र चुन्याचे ठसे पडले आणि ते पुसण्यात मेट्रनबाईंचा उरलेला दिवस फार आनंदात गेला.

काही दिवसांनी नगरपालिकेची माणसे येऊन फाटकाजवळ एक पाटी रोवून गेली. पांढरी, मुलामा दिलेली, वर हिरवी अक्षरे: 'देशी बाग. कृपया स्वच्छता करू नये.' मेट्रनबाईंनी ती नीट वाचली. पाटीच्या स्वच्छतेबद्दल तिच्यावर काही म्हटलेले नव्हते. तेव्हापासून पाटी सकाळ-संध्याकाळ पुसली जाऊ लागली, पुढून, मागून, कडांवरून आणि खांबावरूनही. दुपारच्या उन्हात ती अशी चमकायची, की समोरून येणारे सायकलवाले डोळ्यांवर हात घेत. सासूबाई खिडकीत बसून म्हणत, "असू दे. कुठेतरी जिरलं पाहिजे ना तिचं."

एका सकाळी मेट्रनबाई ओले फडके घेऊन गेल्या आणि तशाच थबकल्या. पाटीवरच्या 'स्वच्छता' या शब्दावर एका कुंभारमाशीने मातीचे घर बांधायला घेतले होते. निम्मा शब्द झाकला गेला होता. मातीची गोळी तोंडात धरून ती यायची, ओल्या कडेला दाबून बसवायची आणि परत जायची.

मिस्टर बादली घेऊन मागे उभे होते. खिडकीत सासूबाई गजांना धरून पुढे झाल्या होत्या.

मेट्रनबाई वाकल्या. नाक पाटीला लागेपर्यंत वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"काय गं?" शेवटी सासूबाईंना राहवेना. "काढतेस का?"

"शूऽऽ!" मेट्रनबाई कुजबुजल्या. "बघा ना, प्रत्येक खेपेनंतर ही पुढचे दोन्ही हात पुसून घेते. मग तोंड पुसते. मगच निघते. नव्या मुलींना हे शिकवता शिकवता माझी हयात गेली."

त्यांनी फडके चौकोनी घडी करून बोटाभोवती गुंडाळले, आणि मातीच्या घराला धक्का न लावता त्याच्या सभोवारची उरलेली पाटी जपून पुसायला घेतली.